अंधार ऋतूत कणगीचा तळ दिसतो तेव्हा: ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ या संगणकावरच्या खेळातल्या एका टंचाईचा प्रकरण अभ्यास

तिसरं वर्ष, अंधार ऋतूची, म्हणजे हिवाळ्याची सुरुवात. कुळात ८२० माणसं, ६१० गाई, ५५ पूर्णवेळ लढवय्ये. जखमींमध्ये १४ लढवय्ये आणि ३८ शेतकरी. मालाचा साठा बऱ्यापैकी आहे, जादूची शिल्लक जवळपास शून्य. शिकार आणि दूधदुभतं धरूनही धान्य सागर ऋतूच्या, म्हणजे पेरणीच्या तोंडापर्यंतच पुरेल, आणि पुढची कापणी चार ऋतू दूर. उत्तरेकडच्या शेजारी कुळाशी वैर पेटलंय. पडद्याच्या तळाशी कुळाला सल्ला देणाऱ्या मंडळातले सात चेहरे आहेत. त्यांतला मृत्यूचा आणि युद्धाचा देव हुमाक्त याचा उपासक म्हणतो, आत्ताच धाड घाला, त्यांची गुरं आणा.

ही स्थिती नव्या खेळणाऱ्यांपैकी पुष्कळांवर पहिल्या पाच वर्षांत कधी ना कधी येते. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या कुळाचे वेगळे असतील. स्थितीची ठेवण मात्र हीच असते. इथून चुकीचं पाऊल पडलं तर कुळ पुढच्या दोन वर्षांत हळूहळू मोडतं, आणि ते नेमकं कधी मोडलं हे खेळणाऱ्याला कळतही नाही. म्हणून हे एकच प्रकरण सावकाश उलगडून पाहू.

आधी खेळाबद्दल थोडं. ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ १९९९ मध्ये आला. डेव्हिड डनहॅम यांच्या ‘ए शार्प’ या छोट्या कंपनीने तो बनवला आणि लेखनाची मुख्य जबाबदारी रॉबिन लॉज यांची होती. कथेचं जग ग्लोरँथा, ग्रेग स्टॅफर्ड यांनी उभं केलेलं. खेळात हालचाल करणारी चित्रं नाहीत. हाताने रंगवलेलं एक चित्र, खाली मजकूर, त्याखाली चार-पाच पर्याय, आणि कुळाचा कारभार पाहायला वेगवेगळे पडदे. लढाईसुद्धा मजकुरातच घडते. २००० साली इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये याला दृश्यकलेचा पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये तो आयफोनवर आला, पुढे अँड्रॉइडवर आणि स्टीमवरही. आज तो सहज मिळतो. अट एकच, इंग्रजी मजकूर भरपूर वाचावा लागतो, आणि वरवर चाळून चालत नाही.

तुम्ही चालवता ते कुळ ओरलांथी लोकांचं. ओरलांथ हा त्यांचा वादळदेव, एर्नाल्डा ही त्याची पत्नी, भूमीची देवी. ग्लोरँथाच्या कालगणनेत ११२० साली ड्रॅगन पास या मुलखातली माणसं ड्रॅगनांनी मारून टाकली आणि तो मुलूख पिढ्यान्‌पिढ्या ओसाड राहिला. दक्षिणेत फॅरो नावाच्या राज्यकर्त्याची सत्ता आली तेव्हा ती नको म्हणून काही कुळं पुन्हा इथे येऊन वसली. तुमचं कुळ त्यांतलंच. संपत्ती मोजायची ती गाईंत. एखाद्याची भरपाई, लग्नातली देवाणघेवाण, देवाला द्यायचा बळी, सगळ्याचा हिशेब गाईंवर येतो.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. विराटपर्वातलं गोग्रहण आठवा. आधी सुशर्मा दक्षिणेकडून विराटाच्या गाई वळवतो, मग उत्तरेकडून कौरव येतात. आपल्याकडच्या गावाबाहेरच्या वीरगळांवरही बऱ्याचदा खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर आणि शेजारी गाई कोरलेल्या दिसतात, वर लढाई, त्याच्या वर अप्सरा, आणि माथ्यावर शिवलिंगाची पूजा. गुरं राखताना आलेलं मरण दगडावर कोरून ठेवण्याएवढं मोठं मानलं जायचं. या खेळातलं नीतिशास्त्र त्याच वळणाचं आहे. ते मनात असलं की पर्याय वाचताना पुष्कळ गोष्टी आपोआप उमगतात.

आता मूळ प्रश्न. धान्य कुठे गेलं?

खेळ प्रत्येक घटना ‘सागा’च्या पडद्यावर लिहून ठेवतो. टंचाई आली की बहुतेक जण लगेच पुढचं बटण शोधतात. आधी सागा उघडावी आणि वर्ष उलटं वाचावं. या कुळाची तिसऱ्या वर्षाची नोंद थोडक्यात अशी:

सागर ऋतू, पहिली खेळी: उत्तरेच्या कुळावर पूर्ण ताकदीची धाड. लढवय्यांबरोबर शेतकरीही मोठ्या संख्येने नेले. विजय मिळाला, ४० गाई आल्या, जखमी पुष्कळ.
सागर, दुसरी: हुमाक्तसाठी मंदिर.
अग्नी ऋतू: निर्वासितांचा एक जथा आला, त्यांना कुळात घेतलं. दोन्ही खेळ्या दूरच्या मुलखाच्या शोधात गेल्या.
भूमी ऋतू, पहिली: उत्तरेच्या कुळाची उलटी धाड. परतवली, पण कापणी चालू असताना सगळे शस्त्र घेऊन उभे राहिले.
भूमी, दुसरी: सूड म्हणून गुरं पळवायला एक टोळी पाठवली. पकडली गेली, चकमक झाली.

टंचाईचं मूळ या पाच ओळींत आहे, आणि अंधार ऋतूशी त्याचा काही संबंध नाही.

ग्लोरँथाचं वर्ष २९४ दिवसांचं. ५६ दिवसांचे पाच ऋतू: सागर, अग्नी, भूमी, अंधार, वादळ. शेवटी दोन आठवड्यांचा पवित्र काळ. खेळात प्रत्येक ऋतूला दोन खेळ्या, म्हणजे वर्षाला दहा. सागर ऋतू पेरणीचा, भूमी ऋतू कापणीचा. लढवय्ये शेती करत नाहीत, पण कुळाच्या फौजेचा मोठा भाग म्हणजे भाला हातात घेतलेले शेतकरी. पेरणीच्या दिवसांत त्यांना धाडीवर नेलं की नांगर उभे राहतात. कापणीच्या दिवसांत ते लढायला उभे राहिले की उभं पीक वाया जातं. नुकसानीचा आकडा त्या क्षणी पडद्यावर येत नाही. धाडीनंतर ‘विजय’ असा मजकूर येतो, गाई मोजून दिल्या जातात, आणि पिकाची वजाबाकी चार खेळ्यांनी गुपचूप होते.

आमच्या मते या खेळाची सगळ्यात मोठी ताकद हीच. निर्णयाची किंमत लगेच दाखवली जात नाही. आतली यंत्रणाही तशीच रचलेली आहे. यातल्या प्रसंगांसाठी ‘ओएसएल’ नावाची खास स्क्रिप्टभाषा वापरली होती. प्रत्येक प्रसंग म्हणजे एक छोटी स्क्रिप्ट. ती नेत्याचं कौशल्य तपासते, शेजाऱ्याशी नातं तपासते, आणि तुम्ही मागे काय केलं होतं तेही तपासते. त्यामुळे तिसऱ्या वर्षी निर्वासितांना घेतलेलं आठव्या वर्षी फळतं किंवा नडतं. त्यांना घेणं चूकच होतं असं नाही. पुढे त्यांच्यातून चांगला लढवय्या किंवा कारागीर निघू शकतो. पण ज्या वर्षी पेरणी अर्धवट झाली त्याच वर्षी खाणारी तोंडं वाढवली, हा हिशेब चुकला.

हुमाक्तच्या मंदिराचंही तेच. देवस्थानाचे तीन आकार आहेत: लहान देऊळ, मंदिर, महामंदिर. लहान देवळात एक कायमचं वरदान ठेवता येतं, मंदिरात दोन, महामंदिरात तीन. बांधताना गाई आणि माल जातात, आणि त्यानंतर दर वर्षी देखभालीला वेगळं द्यावं लागतं. युद्धदेवाचं मंदिर लढाईत उपयोगी पडतं हे खरं, पण सागर ऋतूत ते बांधून या कुळाने कायमचा खर्च वाढवला आणि एर्नाल्डाला काहीच दिलं नाही. पेरणीच्या तोंडावर भूमीच्या देवीला आणि नांगराचा देव बार्नतारला विसरणारं कुळ धान्यात मागे पडतं, यात नवल नाही.

निदान झालं. आता उपाय. समोर साधारण सहा वाटा दिसतात.

हुमाक्तच्या उपासकाची वाट आधी पाहू, कारण नवखे बहुतेक तिकडेच जातात. पूर्ण धाडीतून प्रामुख्याने गुरं आणि माल हाती लागतो, भूक धान्याची आहे. त्यात १४ लढवय्ये अंथरुणावर. धाडीत आणखी जखमी झाले तर त्यांना बरं करायला चलाना आरॉयच्या, म्हणजे औषधदेवीच्या उपासकांचा वेळ जाईल, आणि जखमी माणूस सागर ऋतूत नांगर धरू शकणार नाही. शिवाय उत्तरेचं कुळ वादळ ऋतूत सूड घ्यायला येईल. म्हणजे पेरणीच्या तोंडावर पुन्हा तोच फास. ही वाट सोडावी.

गुरं कापून खाणं दुसरी वाट. थोडीफार गुरं अशा हिवाळ्यात जातातच. पण ठरवून मोठा कळप खाल्ला तर पुढच्या वर्षी वासरं कमी, बळीला गाई कमी, दूताबरोबर न्यायला आहेर कमी. ६१० गाई म्हणजे माणशी एक गाईपेक्षा कमी, आणि असं कुळ गरीबच म्हणायचं. मालाचा साठा असताना गाईंना हात लावू नये. उलट, कळप कुरणाला जड होत असेल तर बळीसाठी गाई वापरणं शहाणपणाचं, कारण कुरण कमी पडलं की जनावरं आपोआपच घटतात.

तिसरी वाट नावाने फार भुरळ घालते: ‘एर्नाल्डा फीड्स द ट्राइब’ (एर्नाल्डा टोळीला जेवू घालते) हा देवयात्रेचा विधी. देवयात्रा म्हणजे कुळातल्या एखाद्याने देवाच्या पुराणकथेत शिरून त्या देवाची कृत्यं स्वतः करणं. कथा मुळापासून माहीत असावी लागते, कारण मधल्या वळणांवर योग्य पर्याय निवडायचा तो देवाने केला तसाच. आजच्या शहाणपणाला योग्य वाटणारा पर्याय तिथे उपयोगी नाही. जाणारी व्यक्ती एर्नाल्डाची उपासक असावी, तिची कौशल्यं वरच्या दर्जाची असावीत, आणि पाठीशी जादू असावी. या कुळाकडे जादू शून्य. अपुऱ्या तयारीने गेलेली माणसं जखमी होतात, कधी परतच येत नाहीत. शेतीतली जाणकार बाई अशा वेळी गमावणं कुळाला परवडणारं नाही. ही वाट वाईट नाही, पुढच्या वर्षासाठी राखून ठेवण्यासारखी आहे.

बळी देऊन वरदान मागणं चौथी. एर्नाल्डाचं किंवा बार्नतारचं वरदान पुढच्या पिकाला लागतं, आजच्या भुकेला नाही. त्यामुळे त्याचा क्रम आत्ताचा नाही, पण तो चुकवायचाही नाही.

उरल्या दोन: दूत पाठवणं आणि व्यापारी तांडा पाठवणं. याच दोन वाटा हे कुळ वाचवतात, आणि त्यांचा तपशील नीट पाहण्यासारखा आहे.

मंडळातल्या प्रत्येकाला सात कौशल्यं असतात: जनावरं, घासाघीस, लढाई, रीतिरिवाज, नेतृत्व, जादू आणि पिकं. प्रत्येकाचा दर्जा साधारण, चांगला, उत्तम, अत्युत्तम, नामांकित आणि वीरोचित असा चढत जातो. सल्ला वाचताना दोन गोष्टी एकदम पाहाव्या: हा माणूस कोणत्या देवाचा, आणि ज्या विषयावर बोलतोय त्यात त्याचा दर्जा काय. हुमाक्तचा उपासक कुठल्याही प्रश्नावर तलवारीकडे झुकेल. व्यापारदेव इसारीजचा उपासक देवाणघेवाणीकडे झुकेल. युर्मालचा, म्हणजे खोडसाळ देवाचा उपासक भलतंच काही सुचवेल आणि दहांत एकदा तेच बरोबर निघेल. कललेला सल्ला निरुपयोगी नसतो, फक्त कल ओळखावा लागतो. पण ज्ञानदेव ल्हँकोर म्हायची उपासक जुनी हकिकत सांगत असेल आणि रीतिरिवाजात तिचा दर्जा अत्युत्तम असेल, तर ते वाक्य पुन्हा वाचावं. त्यात बऱ्याचदा नेमकी माहिती लपलेली असते. या प्रकरणात ती म्हणते: पूर्वेच्या कुळावर आपला एक उपकार आहे, दोन वर्षांपूर्वी त्यांच्या चोरीला गेलेल्या घोड्यांचा माग आपण लावून दिला होता.

हे वाक्य सोन्यासारखं आहे. खेळात उपकारांची नोंद ठेवली जाते. एखाद्या कुळाने तुमच्यावर किंवा तुम्ही त्याच्यावर उपकार केला की तो मागे राहतो, आणि पुढे मागून घेता येतो. दूत पाठवताना तो उपकार पुढे करून मागणी केली की यश येण्याची शक्यता खूप वाढते. अट एकच, मागणी उपकाराच्या तोलाची असावी. एका घोड्याच्या बदल्यात पाच गावांचं धान्य मागायला गेलात तर समोरचा नाराज होईल आणि उपकारही संपेल.

तेव्हा अंधार ऋतूची पहिली खेळी: पूर्वेच्या कुळाकडे दूत. नेता निवडताना लढाईचा दर्जा पाहू नका, घासाघीस आणि रीतिरिवाज पाहा. अंधार ऋतूत रस्ता धोक्याचा, म्हणून बरोबर काही लढवय्ये द्या, पण इतके नाही की समोरच्याला धाड वाटेल. थोडा माल आहेर म्हणून द्या. रिकाम्या हाताने मागायला आलेला दूत ओरलांथी रीतीत हलका ठरतो, आणि ज्याला अन्न मागायचंय त्याने आधी देणं हाच तिथला मान. मागणी धान्याची. धान्य मिळालं की तो उपकार हिशेबातून उतरतो. तसा तो उतरू द्यावा. तो पुन्हा वापरायला गेलात तर नातं बिघडतं.

एक गोष्ट विसरली जाते. दूत म्हणून गेलेला मंडळातला माणूस परत येईपर्यंत सल्ल्याला नसतो. म्हणून पाठवायचा माणूस ठरवताना हेही पाहा की त्याच्यामागे पिकांबद्दल आणि रीतीबद्दल बोलायला घरात कोणी तरी उरतंय.

दुसरी खेळी: व्यापारी तांडा. वेगळ्या कुळाकडे, पूर्वेकडे नाही. ज्याच्याशी नातं निदान बरं आहे आणि ज्याच्याशी व्यापारी मार्ग आधीपासून आहे, असं कुळ निवडा. देणं मालात, घेणं धान्यात. हिवाळ्यात सगळ्यांनाच धान्य जपून ठेवायचं असतं, त्यामुळे भाव चांगला मिळणार नाही. इसारीजचा चांगला उपासक असेल तर तोटा कमी. भाव पाहून खट्टू होऊ नका. या वेळी मालाची किंमत कमी आणि धान्याची जास्त, हे बरोबरच आहे. तुम्ही पेरणीपर्यंतचा वेळ विकत घेताय.

या काळात आणखी एक प्रसंग येऊ शकतो: कुळातलेच कोणी म्हणतील की मंडळाने माणसं उपाशी ठेवली, किंवा शेजारचे भुकेले दारात येतील. बाहेरच्यांना हाकलून द्यावं असं वाटतं. नकार द्यायचा तर रीत सांभाळून द्या, थोडं काही देऊन द्या. भरल्या कुळाची उदारता ओरलांथी लोक लक्षात ठेवतात, आणि टंचाईतली त्याहून जास्त. शेतकऱ्यांचा मूड घसरत असेल तर एखादा समारंभ किंवा वाटप उपयोगी पडतं. लढवय्यांचा मूड वेगळा मोजला जातो, आणि त्यांना लढाईशिवाय ठेवलं की तो घसरतो. त्याची दखल पुढे घेऊ.

वादळ ऋतू. पहिली खेळी उत्तरेच्या वैऱ्यासाठी. हेच पाऊल पुष्कळ जण टाकत नाहीत, आणि म्हणूनच त्यांचं चौथं वर्ष तिसऱ्यासारखंच जातं. वैर मिटवायला दूत पाठवा, गाई द्या. होय, जिंकलेल्या गाईंतल्या काही परत गेल्या तरी चालतील. ओरलांथी लोकांत दोन म्हणी चालतात. ओरलांथची म्हण: हिंसेचा मार्ग नेहमी खुला असतो. एर्नाल्डाची म्हण: दुसरी वाट नेहमी असते. खेळ दोन्ही खऱ्या मानतो, पण कोणत्या वेळी कोणती, हे तुम्हाला ठरवावं लागतं. पेरणीच्या आधी दुसरीच. करार झाला नाही तरी समोरच्याचा राग थोडा उतरतो, आणि सागर ऋतूत त्यांची धाड येण्याची शक्यता कमी होते. दूत मानी माणूस असला तर बोलणी तुटतात, म्हणून इथेही घासाघीस आणि रीतिरिवाज महत्त्वाचे.

दुसरी खेळी: एर्नाल्डाला बळी, पिकांच्या वरदानासाठी. मंदिर नसताना मागितलेलं वरदान मर्यादित काळ टिकतं, पण पुढची पेरणी त्याच्या कक्षेत येते, आणि तेवढंच हवंय. बळी देणारी व्यक्ती एर्नाल्डाची उपासक आणि जादूत बरी असावी. कंजूसपणा करू नका, पण कळपही रिकामा करू नका. आपल्या उदाहरणात १५ ते २० गाई पुरेशा ठराव्या. हुमाक्तच्या मंदिराकडे या खेळीत पाहायचं नाही. त्याची देखभाल पवित्र काळाच्या हिशेबात आपोआप वळती होते, हे मात्र लक्षात ठेवा.

पवित्र काळात कुळाची जादू वर्षभरासाठी वाटली जाते: पिकं, कळप, आरोग्य, मुलं, युद्ध, व्यापार, मुत्सद्देगिरी, शोध, देवयात्रा आणि आणखी काही. नवखे सगळं थोडं थोडं वाटतात आणि कुठेच उपयोग होत नाही. या वर्षी पिकांना आधी, आरोग्याला नंतर, मग कळप. युद्धाला या वर्षी रिकामंच राहू द्या. आणि काही जादू न वाटता शिल्लक ठेवा. धाड परतवताना, एखाद्या अवघड विधीत, किंवा अचानक आलेल्या प्रसंगात तीच कामी येते. तिसऱ्या वर्षी जादू शून्यावर आली होती, कारण सगळी वाटून टाकली होती आणि उरलेली धाडीत उधळली होती.

जमिनीच्या वाटणीकडेही पाहा. कुरण, पीक आणि रान यांचं प्रमाण बदलता येतं. टंचाईनंतर सगळ्यांनाच पिकाखालची जमीन वाढवावीशी वाटते. थोडी वाढवा. रान साफ करून शेत केलं की शिकार घटते, आणि कुरण मोडलं की गाई घटतात. एका वर्षाच्या भुकेसाठी तीन वर्षांचं कुरण मोडलेली कुळं पुढे बळीला गाई मिळत नाहीत म्हणून अडकतात.

सागर ऋतू, चौथं वर्ष. कोणतीही धाड नको. ना मोठी, ना गुरांची. हुमाक्तचा उपासक म्हणेल की वैरी आता दुबळा आहे, आणि ते खरंही असेल. पण नांगराला हात हवेत. खेळ्या रिकाम्या जाऊ नयेत म्हणून जवळच्या मुलखात लहान पथक शोधाला पाठवा. माणसं थोडी लागतात, आणि कुळाच्या आसपास काय दडलंय ते कळतं. दुसरी खेळी पूर्वेच्या कुळाला आहेर पाठवायला वापरा. उपकार मागून घेतला होता, आता नातं परत उभं करायचंय.

मग अग्नी ऋतू. पेरणी झाली, कापणीला वेळ आहे, शेतकरी मोकळे, वाट कोरडी. धाड घालायची ती याच ऋतूत. आणि इथे कुळाचा स्वभाव मध्ये येतो. खेळाच्या सुरुवातीच्या प्रश्नांत तुम्ही कुळ युद्धप्रिय, शांतताप्रिय किंवा समतोल असं ठरवलेलं असतं. युद्धप्रिय कुळाने लढणं टाळलं तर त्याचं भागत नाही, आणि शांतताप्रिय कुळाने वारंवार धाडी घातल्या तर त्याचं भागत नाही. आपलं उदाहरण युद्धप्रिय कुळाचं आहे, आणि लढवय्यांचा मूड दोन ऋतू घसरलाय. म्हणून एक धाड घाला, पण उत्तरेला नाही. ज्याच्याशी व्यापार नाही, ज्याचे तुमच्यावर उपकार नाहीत, आणि जे एवढं लांब आहे की सूड घ्यायला सहज येणार नाही, असं कुळ निवडा. पहिल्यांदा गुरं पळवण्याची छोटी धाड. लढवय्ये जास्त, शेतकरी कमी. चोरून गेलेल्या धाडीत पकडले गेलात तर लढाई लहान राहते, आणि नातंही मोठ्या धाडीइतकं बिघडत नाही.

मोठी लढाई आलीच, तर लढाईच्या पडद्यावर उद्दिष्ट आणि डावपेच विचारपूर्वक निवडा. लुटीचं उद्दिष्ट घेतलं की गाई जास्त येतात, पण आपली माणसंही घायाळ होतात. हात सुरक्षित ठेवायचे असतील तर सावध डावपेच घ्या आणि कमी लुटीत समाधान माना. लढाई संपल्यावर जखमींची संख्या पाहा, मेलेल्यांची नव्हे. भूमी ऋतूत कापणीला किती हात उरतील ते तीच सांगते.

याच मालिकेतला पुढचा खेळ ‘सिक्स एजेस: राइड लाइक द विंड’ २०१८ मध्ये आयफोनवर आणि २०१९ मध्ये संगणकावर आला. २०२३ मध्ये ‘सिक्स एजेस २: लाइट्स गोइंग आउट’ आला, ज्यात जगच संपत चाललंय. ‘राइड लाइक द विंड’मध्ये कुळ घोडेस्वारांचं, देव वेगळे, नकाशा वेगळा. तिथेही ऋतूला दोन खेळ्या आहेत आणि पेरणी-कापणीतली माणसं लढाईत ओढली की तसाच फटका बसतो. त्यामुळे वरचा क्रम तिथे जवळपास तसाच लागू पडतो.

भूमी ऋतू, चौथं वर्ष. पहिल्या खेळीआधी तीन गोष्टी तपासा. पिकांवरचं वरदान अजून टिकलंय का. जखमी शेतकरी किती, ३८ वरून तो आकडा १० च्या खाली यायला हवा. आणि उत्तरेच्या कुळाशी नातं कुठे आहे. ते अजून वैरीच असेल तर पहिल्या खेळीत टेहळणी बुरूज किंवा खंदक बांधायला घ्या. इशारा वेळेत मिळाला की धाड लवकर परतते आणि शेतकरी शेतात परत जातात. वैर मिटलं असेल तर दोन्ही खेळ्या माणसं घरी ठेवणाऱ्या कामांत घालवा. हुमाक्तचा उपासक पुन्हा तलवारीकडे बोट दाखवेल. त्याला मंडळातून काढू नका. अग्नी ऋतूत त्याचं ऐकायचंय. कापणीनंतर कणगीचा आकडा उघडा. तो वर्षभर पुरेल इतका भरला, तर अंधार ऋतूत एर्नाल्डाच्या देवयात्रेची तयारी सुरू करता येईल: कथा पूर्ण माहीत करून घेणं, जाणाऱ्या बाईचं जादूचं कौशल्य पाहणं, पूर्वेच्या कुळाला साथीला बोलावणं, आणि पुढच्या पवित्र काळात तिच्या वाट्याची जादू बाजूला ठेवणं.